तिसरी ओळ

जावयाने सासऱ्याकडून कौतुकाची अपेक्षा ठेवू नये, हे खरं तर शाळेतच शिकवायला हवं. म्हणजे पुढचा बराच मनस्ताप वाचेल. या गोष्टीतला जावई तसा हुशार माणूस. वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं, आणि खोटं वजन दाखवणारा काटा तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. पण या एका विषयात तो साफ ढ होता.

दुकान बंद करून घरी आला की त्याचा सगळा जीव बोर्डात. बोर्ड म्हणजे भिंतीवरचा फळा नव्हे. मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, त्याच्या शेजारी मोडेम नावाची डबी, आणि त्या डबीची वायर टेलिफोनला लावलेली. गावात ज्याच्या घरी अशीच डबी असेल त्याने इथला नंबर फिरवायचा. दोन्ही डब्या शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारख्या किंचाळायच्या, आणि मग त्या माणसाच्या पडद्यावर एक यादी उमटायची: एक, निरोप. दोन, सूचना. तीन, बुद्धिबळ. चार, खरेदी-विक्री. पाच, फायली. सहा, गप्पा. सात, बाहेर. हा झाला मुख्य मेनू. आकडा दाबला की त्या त्या दालनात शिरायचं, तिथे पुन्हा त्या दालनाचा वेगळा मेनू. लोक एकमेकांना निरोप ठेवायचे, जुनी सायकल विकायचे, भांडायचे. टेलिफोन एकच, त्यामुळे एका वेळी एकालाच आत प्रवेश. बाकीचे एंगेज टोन ऐकत चरफडत बसायचे. संध्याकाळच्या चहानंतर तासभर मात्र जावई वायर काढून ठेवायचा. तो तास घरच्यांचा.

आता टेलिफोन होता सासऱ्यांच्या नावावर. घरही त्यांचंच. लग्नानंतर नवराबायको इथे ‘थोडे दिवस’ राहायला आले होते आणि ते थोडे दिवस अजून संपले नव्हते. लोक पाठीमागे काय म्हणायचे ते जावयाला ठाऊक होतं. सासरे तोंडावर ‘जावईबापू’ म्हणायचे, पण अशा सुरात, की त्यापेक्षा लोक बोलतात ते बरं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अख्खा जन्म छापखान्यात गेला. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, अक्षराला अक्षर, ओळीला ओळ. छापखाना सुटला, पण ओळीचं वेड काही सुटलं नाही. दुकानाची पाटी असो नाहीतर औषधाच्या बाटलीवरचा कागद, अण्णांनी चूक काढली नाही असं होत नसे. नाकाने कांदे सोलणारा माणूस. त्यांच्याकडचं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे ‘बरं आहे’ हे दोन शब्द. लेक शाळेत पहिली आली तेव्हा ते ‘बरं आहे’ म्हणाले होते, आणि ती गोष्ट ती अजून सांगते. जावयाच्या वाट्याला ते दोन शब्द कधी आले नव्हते. लग्नातसुद्धा ते नुसते ‘हं’ म्हणाले होते.

रोज संध्याकाळी अण्णा कॉम्प्युटरपुढे बसायचे. खुर्ची ओढायचे, हात कळांवर ठेवायचे आणि बोटांकडे ढुंकूनही न बघता टकटक आत शिरायचे. खिळे जुळवणाऱ्याचे हात ते, त्यांना बघायची गरज काय? मुख्य मेनू आला की तीन दाबायच्या आधी ते थांबायचे आणि रोजचं वाक्य बोलायचे.

“तिसरी ओळ एक घर बाहेर आहे.”

घर म्हणजे एका अक्षराची जागा, आणि तिसरी ओळ म्हणजे नेमकी बुद्धिबळाची. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक दातांचे डॉक्टर राहायचे, त्यांच्याशी अण्णांचा डाव चालू होता. दिवसाला एक चाल. डॉक्टर चालीबरोबर दोन वाकडे शब्दही पाठवायचे, कारण दिवसभर ज्यांच्या तोंडात हात घालायचा त्यांना टोमणे मारता येत नाहीत, ते सगळे संध्याकाळी अण्णांना मिळायचे. आलेला निरोप अण्णा स्वतः कधी वाचायचे नाहीत. खुर्चीत मागे रेलायचे आणि म्हणायचे, वाचा जावईबापू, तेवढीच तुमची जीभ वळेल. जावई खाली मान घालून वाचायचा. तो वाचायचाही दाताखाली खडा आल्यासारखा. अण्णा मधूनमधून त्याचे उच्चार दुरुस्त करायचे. बायको दारात उभी राहून पदराआड हसायची. हा अपमान जावई रोज चहाबरोबर गिळायचा.

तिसरी ओळ खरंच बाहेर होती, बरं का. जावयाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक कळ दाबायचा अवकाश, ओळ जागेवर आली असती. पण सासऱ्याने म्हटलं आणि जावयाने लगेच केलं, असं कसं चालेल? माणसाला काही मान आहे की नाही? शिवाय एक ओळ सरळ केली की चाळीस मेनूंमधल्या बाकीच्या वाकड्या ओळी डोळ्यात भरल्या असत्या. सगळे मेनू त्याने वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मनःस्थितीत टाइप केलेले. काही तर बायकोशी वाजल्यावर केले असावेत असे दिसायचे.

मग एके दिवशी फायलींच्या दालनात कुणीतरी एक छोटासा प्रोग्राम आणून ठेवला. नाव होतं ‘ओळंबा’. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. याला मेनूच्या सगळ्या फायली दाखवायच्या आणि एक हुकूम सोडायचा, की हा एका दमात सगळे मेनू समासाला लावणार. डावीकडे आकडे एकाखाली एक, मधे टिंबांची रांग, उजवीकडे नावं. जावयाने सोबतची माहिती वाचली आणि त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहिलं: अण्णा पडद्याकडे बघतायत आणि म्हणतायत, बरं आहे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो कामाला बसला. बायकोने विचारलं, एका ओळीसाठी एवढा खटाटोप? तो म्हणाला, तुझ्या बापाला विचार. त्याने फायलींची एक प्रत बाजूला काढून ठेवली, हुकूम दिला, आणि पडद्यावरून फायलींची नावं भराभर वर सरकली. चहा निवायच्या आत काम फत्ते. एकेक मेनू उघडून पाहिला. पेटीत ओळीने मांडलेल्या वजनांसारखे सगळे नीट बसले होते.

अण्णांना त्याने मुद्दाम काही सांगितलं नाही. मागून घेतलेलं कौतुक ते काय कौतुक! संध्याकाळी त्याने धुतलेला शर्ट घातला. बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही. अण्णा आले, खुर्ची ओढली, हात कळांवर ठेवले. मेनू आला. जावई श्वास रोखून उभा.

“तिसरी ओळ एक घर बाहेर आहे,” अण्णा म्हणाले आणि तीन दाबून आत गेले.

जावयाला वाटलं आपल्याच डोळ्यांत काहीतरी बिघाड आहे. नीट बघा अण्णा, असं तो म्हणालाही. त्यावर अण्णांनी, आयुष्यभर बघतच आलोय, असं सांगून त्याला डॉक्टरांचा निरोप वाचायला लावला. त्या संध्याकाळी त्याने इतका वाईट वाचला की अण्णा दुरुस्त्या करायच्या थांबले.

अण्णा फिरायला गेल्यावर त्याने दुकानातली पोलादी पट्टी आणून पडद्याला लावली. केसाचाही फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी अण्णा तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशीही तेच. दरम्यान बेकरीवाल्या बाईंचा त्याला खासगी निरोप आला, की बोर्डाला कुणी आंघोळ घातली का, किती छान दिसतंय. तो निरोप त्याने जपून ठेवला. पुढेमागे पुरावा म्हणून लागला तर?

आता जावयाचं डोकं फिरलं. त्याने स्वतःशी ठरवून टाकलं, की म्हातारा मुद्दाम करतोय. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. आपण सोन्याचा मेनू करून दिला तरी हा माणूस तिसरी ओळ बाहेर आहे म्हणणार, कारण जावयाला बरं म्हणायचं नाही अशी शपथच घेतलीय त्याने. बायकोपुढे त्याने हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, “माझे अण्णा खडूस असतील, पण खोटं बोलणार नाहीत.”

“नाही? मग उद्या तूच बघ.”

आणि त्याने सापळा रचला. ओळंब्याला एक सोय होती: पुढची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा चार घरं आत ढकलायची. अशी सोय कुणाला लागत असेल देव जाणे, पण होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जावई जेवायला घरी आला आणि ती लावून हुकूम सोडला. त्याला फक्त मुख्य मेनू बिघडवायचा होता. पण ओळंबा होता एकदम सगळ्यांना ओळीत लावणारा, तो काय थोडक्यावर थांबतोय! चाळीसच्या चाळीस मेनू त्याने तितक्याच इमानदारीने वाकडे केले. पहिली ओळ डाव्या कडेला, शेवटची जवळजवळ उजव्या कडेला. पडद्यावर चक्क जिना उतरला होता. जावयाने कपाळावर हात मारला, पण दुकान उघडायची वेळ झाली होती. म्हटलं, एका दुपारचा तर प्रश्न. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, संध्याकाळनंतर पुन्हा सरळ करून टाकू.

संध्याकाळी बायकोला त्याने मुद्दाम आत बोलावलं. तिने पडदा पाहिला आणि तिला हसू आवरेना. हे बघून अण्णा काय म्हणतात, या उत्सुकतेने ती खुर्चीच्या मागे उभी राहिली. अण्णा आले. बसले. हात कळांवर. तोंड पडद्याकडे.

मग अण्णांनी मान हलवली.

“आज बरं आहे,” ते म्हणाले. “फक्त ती तिसरी ओळ तेवढी एक घर बाहेर आहे.”

बायकोच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विरलं. जावयाने विजयाने तिच्याकडे पाहिलं. बघ, सांगत नव्हतो? पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती बापाच्या चेहऱ्याकडे. अण्णांची नजर पडद्यावर होती आणि तरीही पडद्यावर नव्हती. उजेड कुठून येतोय तिकडे तोंड करून बसल्यासारखे ते बसले होते.

मग जावयालाही कळलं. म्हातारा खोटं बोलत नव्हता, म्हाताऱ्याला दिसतच नव्हतं. इतके दिवस ज्या दोन शब्दांसाठी तो झुरत होता ते मिळाले होते, आणि मिळाले कशाला, तर गावातल्या सर्वांत वाकड्या मेनूला.

एकेक गोष्ट आता दोघांच्याही ध्यानात यायला लागली. अण्णांनी वर्तमानपत्र बंद केलं होतं, हल्लीची छपाई बघवत नाही म्हणून. फिरायला जाताना ते भिंतीच्या कडेकडेने जायचे. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायचे. बुद्धिबळाच्या सोंगट्या चाचपत बसायचे, विचार करतायत असं वाटायचं. आणि जावयाची जीभ वळावी म्हणून ते त्याला वाचायला लावत होते, असं त्या वेड्याला वाटत होतं. एका घरात राहून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बायकोने ओठ दाताखाली धरले होते. स्वतःचाच तिला इतका राग आला होता, की रडूही येईना.

इकडे अण्णांनी तीन दाबून डॉक्टरांचा निरोप उघडला होता आणि ते रेलून बसले होते. वाचा, त्यांनी हाताने खूण केली. जावई सवयीने वाचायला लागला. घोडा मागे घेतोय, पण फार खूश होऊ नका. बाकी अण्णा, आज तुमच्या घरचे मेनू…

तो थांबला. पुढचं त्याने नुसतं डोळ्यांनी वाचलं.

“पुढे?”

“पुढे काही नाही अण्णा. काळजी घ्या असं म्हणतायत.”

“त्या माणसाने जन्मात कधी कुणाला काळजी घ्या म्हटलेलं नाही,” अण्णा म्हणाले. “वाचा. मला ऐकू येतं अजून.”

ते ‘ऐकू’वर जोर देऊन बोलले. त्यांनाही कळलं होतं. मागे लेकीचं अर्धवट तुटलेलं हसू त्यांनी ऐकलं होतं, आणि आयुष्यभर प्रूफं तपासलेल्या माणसाला कुठे काय गळलंय ते बरोबर समजतं. जावयाने वाचलं.

“आज तुमच्या घरचे मेनू जिना उतरतायत. छापखान्यातला एवढा मोठा माणूस घरात, आणि त्याच्या नाकाखाली हे चाललंय. तुम्हाला दिसत नाही की काय?”

अण्णांनी विचारलं, जिना कधी केलात? आज दुपारी, जावयाने सांगितलं. आणि त्याआधी? त्याआधी सगळं सरळ केलं होतं, रविवारीच. अण्णांनी हळूच मान डोलावली.

“मी शेवटचं नीट पाहिलं तेव्हा तिसरी ओळ बाहेर होती,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही काही ती हलवायचे नाही.”

बायको मग रडली. अण्णांनी तिचा हात चाचपून धरला आणि सगळं सांगितलं. छापखान्यात ज्याचे डोळे अधू झाले त्याला खिळ्यांवरून उठवून गठ्ठे बांधायला बसवायचे. त्यांच्या उस्तादाला असंच बसवलं होतं, आणि तो माणूस वर्षभरात खचला. तेव्हापासून म्हाताऱ्या कारागिरांची एक रीत पडली होती. खिळे हाताला पाठ असतातच. आपण फक्त दुसऱ्याची ओळ वाकडी आहे म्हणत राहायचं. जो चुका काढतो त्याला दिसतंय, असं जग धरून चालतं. अण्णांनी घरीही तेच केलं. बरं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं तर त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा शस्त्रक्रियेनंतर कायमचा गेलेला. थोडा उजेड तरी दिसतोय, तोही घालवून बसायचं का? आणि मग लेकीच्या संसारात आंधळा बाप म्हणून पडून राहायचं?

घर तुमचंच आहे अण्णा, पडून आम्ही राहिलोय, असं जावई म्हणाला. अण्णा हसले, पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला काही तयार होईनात. लेकीने विनवलं, रागावली, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. म्हातारा ‘बघू’ म्हणायचा आणि विषय बदलायचा.

तेव्हा जावयाने आयुष्यातली एकमेव शहाणी गोष्ट केली. त्याने मेनू सरळ केलेच नाहीत.

अण्णांना त्याने स्वच्छ सांगून टाकलं. तुम्ही डॉक्टरकडे येईपर्यंत जिना तसाच राहील. कुणी विचारलं तर मी सांगणार, की अण्णांनी पाहिलाय आणि त्यांना चालतोय. अण्णा म्हणाले, खुशाल सांगा. पण रोज संध्याकाळी निरोप यायला लागले आणि जावई ते मोठ्याने, अगदी शुद्ध उच्चारात वाचायला लागला. बेकरीवाल्या बाईंनी विचारलं, की आंघोळ घातलेलं बोर्ड घसरून पडलं का. कुणी लिहिलं, की मेनू वाचताना मान मुरगळली, मलमाचं नाव कळवा. दातांचे डॉक्टर तर सुटलेच होते. अण्णांच्या छापखान्यात पुस्तकंही अशीच निघायची का, वाचकाला शिडी सोबत द्यायचे का, असं त्यांनी सूचनांच्या दालनात, सगळ्यांना दिसेल असं विचारलं. अण्णा ऐकायचे आणि खुर्चीचा हात घट्ट धरायचे. अंधार त्यांनी गुपचूप सोसला होता. पण आपल्या नावावर वाकडी ओळ, ती कशी सोसणार?

शेवटी एका संध्याकाळी निरोप पुरा व्हायच्या आतच ते म्हणाले, “बंद करा ते. उद्या चला कुठे न्यायचंय तिथे.”

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी तपासून सांगितलं, की उजव्या डोळ्याचं काही खरं नाही, फार उशीर झालाय. डाव्यातला मोतीबिंदू काढून बघू, पण शब्द देत नाही. आणखी थांबला असतात तर बघण्यासारखंही काही उरलं नसतं. हे ऐकून जावयाला घाम फुटला, आणि अण्णांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली, मग हिरवा चष्मा आला, आणि शेवटी जाड भिंगांचा खरा चष्मा घ्यायला तिघं गेले. आता काय ते कळणार होतं. बाईंनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. अण्णांनी वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. बाई खूश झाल्या, जावई खूश झाला. लेक मात्र घरी येताना गप्प होती. घरी आल्यावर तिने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, “अण्णांच्या आधीचे गृहस्थ तो तक्ता मोठ्याने वाचत होते. अण्णा दाराशी बसून ऐकत होते. त्यांनी पाठ केला असेल तर?”

झालं! अण्णांना विचारून उपयोग नव्हता. दिसतंय का म्हटलं की ते ‘उत्तम’ म्हणायचे, आणि या बाबतीत त्यांच्या शब्दाला किती किंमत द्यायची ते आता दोघांना कळून चुकलं होतं. पाठ करणाऱ्या माणसाची परीक्षा घ्यायची तर त्याला पाठ नसलेलंच काहीतरी विचारायला हवं.

जावई मागच्या खोलीत गेला. ओळंबा काढला, जिन्याची सोय बंद केली आणि हुकूम सोडला. चाळीस मेनू पुन्हा समासाला लागले. तिसरी ओळही सरळ. मग त्याने मुख्य मेनू उघडला, सहाव्या, म्हणजे गप्पांच्या, ओळीवर गेला आणि ती एक घर आत सरकवली. फक्त एक. बायकोला त्याने कानात सांगितलं. अण्णा तिसरी म्हणाले तर समजायचं, की सगळं व्यर्थ गेलं. सहावी म्हणाले तर डोळा परत आला.

चहा झाला. अण्णा आले. नव्या चष्म्याने नाक दबलं होतं, तो त्यांनी दोनदा वर सरकवला. खुर्ची ओढली, हात कळांवर ठेवले. मेनू आला. बायकोने नवऱ्याच्या शर्टाची बाही घट्ट धरली होती. आज शर्ट मळका होता, त्याचं कुणाला भान नव्हतं. अण्णा पुढे वाकले, मागे आले, पुन्हा पुढे वाकले. इतका वेळ त्यांनी त्या पडद्यापुढे कधीच घेतला नव्हता.

“तिसरी ओळ,” ते म्हणाले.

बायकोने डोळे मिटून घेतले. जावई जागच्या जागी खिळून राहिला.

“तिसरी ओळ जागेवर आली एकदाची,” अण्णा सावकाश म्हणाले. “सहावी मात्र एक घर आत गेलीय. ती चुकून गेलेली नाही जावईबापू, ती कुणीतरी नेलीय. बाकी बरं आहे.”

बायको बापाच्या गळ्यात पडली, चष्मा वाकडा झाला, अण्णा तिच्यावर ओरडले. जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पोलादी पट्टी कुठे ठेवली ते शोधत असल्यासारखा. त्याला रडू येत होतं आणि ते सासऱ्याला दिसू नये असं वाटत होतं. आता दिसायचं, हीच तर पंचाईत!

थोड्या वेळाने अण्णांनी तीन दाबून डॉक्टरांचा निरोप उघडला. जावई सवयीने पुढे झाला, तर त्यांनी हाताने त्याला थांबवलं. आज ते स्वतः वाचणार होते. भिंगं पडद्याजवळ नेऊन, शब्दामागून शब्द, त्यांनी वजिराची चाल आणि त्यापुढचे दोन्ही टोमणे वाचले. एकही अक्षर सोडलं नाही. मग चष्मा काढून खिशात ठेवला, खुर्चीत मागे रेलले आणि डोळे मिटले.

“झालं. दिसतंय,” ते म्हणाले. “आता तुम्ही वाचा. मला तुमच्याकडून ऐकायची सवय झालीय.”

जावयाने तोच निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. पहिल्याच ओळीत त्याचा उच्चार चुकला, आणि अण्णांनी दुरुस्त केला.